दुधाचा डिंक की मैद्याची खळ?

धुळ्याहून भाचीने विचारलंय: कानबाईच्या (खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी) मखराच्या पताका चिकटवायच्यात आणि शाळेचं लाकडी मॉडेलही करायचंय, तर दुधाचा डिंक करू की मैद्याची खळ?

खळ स्वस्त. दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आच. 60-65 अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मिश्रण घट्ट होतं. झालं काम. पण श्रावणातल्या दमट हवेत उरलेल्या खळीला लवकर बुरशी लागते.

दुधाच्या डिंकात खरी गंमत आहे. साय काढलेलं कोमट दूध घे, स्निग्धांशाने पकड बिघडते. व्हिनेगर घातलं की सामू (pH, आम्लतेचं माप) 4.6 च्या आसपास उतरतो, केसिनच्या (दुधातलं मुख्य प्रथिन) कणांवरचा विद्युतभार संपतो आणि ते एकत्र येऊन दूध फाटतं. चोथा कापडात पिळून पाण्याने धू. मग चिमूटचिमूट खायचा सोडा घाल: फसफसून आम्ल मरतं आणि दाणेदार गोळा बोटांखाली गुळगुळीत, चिकट होतो. सोड्याऐवजी चुना वापरला तर वाळलेला जोड ओलाव्यातही जास्त टिकतो. मात्र पाव लिटर दुधातून केसिन मिळतं जेमतेम 6-7 ग्रॅम, म्हणून हा डिंक महागच पडतो.

पताकांना खळच लाव. लाकडाच्या जोडांना दुधाचा डिंक, आणि रात्रभर दाबून ठेव.