हाताने डॉकिंग: तारे, रेटिकल की कॅमेरा?

सिम्युलेटरवर ऑटोपायलट बंद करून डॉकिंग, म्हणजे एक अंतराळयान दुसऱ्याला जोडणं, शिकायचं, तर नजर कशावर ठेवायची? माझं उत्तर अंतरागणिक बदलतं.

लांबून तारेच. लक्ष्ययानामागचा एक तारा हेरा. अंतर घटतंय आणि यान ताऱ्यापासून हलत नाहीये, म्हणजे तुम्ही नेमके त्याच्यावर चालला आहात. ते वर सरकलं, तर तुम्हीही वरचा धक्का द्या, सरकणं थांबेपर्यंत. नुसतं नाक रोखून इंजिन पेटवू नका. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकन यानाच्या मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या टप्प्याकडे तसंच जायचा प्रयत्न केला आणि इंधन जाळूनही गाठ पडली नाही. मागून वेग वाढवला की कक्षा उंचावते आणि आपणच मागे पडतो! ताऱ्यांची अडचण एवढीच की उन्हात ते दिसत नाहीत. म्हणून सावलीत, खालच्या कक्षेतून या. यानामागे पृथ्वी नको, आकाश हवं.

जवळ आल्यावर रेटिकल, म्हणजे खिडकीतल्या भिंगावरच्या खुणा. चार मीटर रुंदीचं यान अर्धा अंश दिसलं तर साधारण ४६० मीटरवर, एक अंश दिसलं तर २३० मीटरवर. मधले सेकंद मोजले की वेग हातात. शेवटच्या काही मीटरांत तर याला तोड नाही. लक्ष्ययानावर बसवलेला क्रॉस त्याच्या मागच्या तबकडीपासून थोडा पुढे उभा असतो; तुम्ही जरा तिरके झालात की तो मागच्या रेषांवरून घसरतो. लांबून मात्र यान नुसता ठिपका, तिथे रेटिकल बिनकामाचं.

नुसत्या कॅमेऱ्यावर माझा भरवसा नाही. २५ जून १९९७ ला मीर या रशियन अंतराळ स्थानकावरून अंतराळवीर त्सिब्लिएव्ह प्रोग्रेस हे मालवाहू यान पडद्यावर बघून आणत होता. रडार बंद, पडद्यावर ढगांच्या पार्श्वभूमीवरचं स्थानक. चित्र बराच वेळ जेमतेम वाढतं आणि शेवटी एकदम अंगावर येतं. प्रोग्रेस मीरच्या स्पेक्टर या भागावर आदळून भोक पडलं. त्याला दोष देण्याआधी एकदा सिम्युलेटरवर तसं करून बघा.

हातातला लेझर अंतरमापक मिळत असेल तर आधी तो घ्या. जून १९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर जानिबेकोव्हने निकामी सॅल्यूत ७ स्थानकाला सोयूझ टी-१३ यान हातानेच जोडलं, ते असाच मापक जोडीला घेऊन. तो नसेल तर २०० मीटरवर सेकंदाला २० सेंटिमीटरने सुरुवात करा. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या.