मोटो गुझ्झी 850 टी3 : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इटलीतल्या मांडेल्लो देल लारिओच्या कारखान्यातून 1975 पासून निघालेली ही 844 सीसीची मोटारसायकल. तिच्या प्रेमात पडायला इंजिनाची ठेवण पुरेशी आहे. गुझ्झीचे इंजिनिअर कार्कानो यांनी आखलेलं 90 अंशांचं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर) असं बसवलंय, की दोन्ही सिलिंडर हेड पेट्रोलच्या टाकीच्या दोन बाजूंना बाहेर येतात. तिथे वाराही थेट लागतो आणि पानाही थेट पोचतो.

टॅपेट सेटिंगचंच, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याचंच बघा, टाकी काढावी लागत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी मेन स्टँडला लावून दोन्ही प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं घर) उजव्या अंगाचं रबरी बूच काढलं की फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात. 'एस' म्हणजे सिनिस्त्रा, डावा सिलिंडर. 'डी' म्हणजे देस्त्रा, उजवा. खूण जुळली आणि त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल लागले, तरच तो कॉम्प्रेशनचा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. नाहीतर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्हींना फट 0.22 मिमी. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा सरकतो, म्हणून नंतर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून बघायचाच.

ऑइल बदलणं मात्र किचकट. इंजिनात 3 लिटर, गिअरबॉक्समध्ये 750 मिली, मागच्या ड्राइव्हमध्ये 250 मिली, त्यातलं 20 मिली मोलिब्डेनमचं अ‍ॅडिटिव्ह. फिल्टर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या आत असल्याने अख्खं चेंबर उतरवावं लागतं आणि पॅकिंग दरवेळी नवं लागतं. आतल्या आत फिल्टर सैल झाला तर बाहेर थेंबही दिसत नाही, ऑइलचं प्रेशर मात्र जातं. त्यामुळे फिल्टरवर होजक्लिप अडकवून ठेवणं शहाणपणाचं.

सगळ्यात जास्त लक्ष बेलहाउसिंगच्या तळाकडे ठेवा. क्लच कोरडा, दोन प्लेटांचा. ऑइल लागलं की तो घसरतो. तिथे ठिबकणारं ऑइल बोटावर घेऊन हुंगा. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअरबॉक्सचं इनपुट सील गेलंय, नाहीतर क्रँकचं मागचं. सील स्वस्त असतं, पण तिथे पोचायला इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, आणि हे काम दिवसभराचं आहे.

उभ्या गाडीला थ्रॉटल दिला की ती उजवीकडे झुकते. हा क्रँकच्या दिशेचा परिणाम आहे, बिघाड नव्हे. वळणावर थ्रॉटल एकदम सोडू नका, मागचं चाक फिरवणाऱ्या (चेनऐवजी असलेल्या) शाफ्टमुळे मागची बाजू खाली बसते. ब्रेक अप्रतिम आहेत : पायाने मागची आणि पुढची एक डिस्क एकत्र लागते, हाताने पुढची दुसरी.

घेण्याआधी सिलिंडरची चौकशी करा. मूळ बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) क्रोमचा थर आहे आणि तो जुना झाला की सोलून ऑइलमध्ये उतरतो. असा सिलिंडर रिबोअर होत नाही, म्हणजे आतून कापून मोठा करता येत नाही. निकासिलचा (निकेल-सिलिकॉन कार्बाइडच्या थराचा) नवा सेट पिस्टनसकट बसवावा लागतो, तेव्हा तो खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्या.