आधी बांबोळी, की आधी खासगी मानसशास्त्रज्ञ?

गेल्या तीन वर्षांत आमच्या फोंड्याच्या घरातले दोघे मनाच्या तक्रारीसाठी उपचार घेऊ लागलो. मी बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात गेले, माझा धाकटा भाऊ पणजीतल्या खासगी मानसशास्त्रज्ञ बाईंकडे. दोघांनाही गुण आला. वाटा उलट धरल्या असत्या तर दोघांचेही महिने वाया गेले असते, हे मला आता कळतंय. ‘जाऊ तर कुणाकडे’ इथेच जे अडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं दुखणं नवं होतं. बाबा गेले आणि चौथ्या महिन्यापासून रोज पहाटे तीनला जाग यायला लागली. हुमणाचा (माशाच्या आमटीचा) वास आला तरी पोटात ढवळायचं. ऑफिसात एकच कागद चार चारदा वाचायचे. आधी बरं असलेलं माणूस काही आठवड्यांत असं बदललं, झोप, भूक आणि काम तिन्ही बिघडलं, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. तो वैद्यकीय डॉक्टर असतो, औषध लिहू शकतो आणि शरीरातलं कारणही तपासतो. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असंच उदास आणि जड होतं, बी-१२ कमी असलं तरी. जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळही बांबोळीतच आहे, त्यामुळे ‘बांबोळीला जाऊन आले’ म्हटलं तर शेजारीण पुढे काही विचारत नाही. आमच्यासारख्या छोट्या गावात ही सोय काही लहान नाही.

सरकारी ओपीडीत पैशांची चिंता जवळपास नसते, पण वेळ द्यावा लागतो. सकाळची कदंब बस धरून निघायचं आणि दिवस तिथेच गेला असं समजायचं. शिकवणारी संस्था असली की दर खेपेला तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नसते. कागद नीट लावून ठेवले तर त्याचा त्रास कमी होतो. उदासीनतेच्या (डिप्रेशनच्या) गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. त्यांचं व्यसन लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून मनानेच एकदम बंद करू नयेत.

भावाची गोष्ट वेगळी. त्याचं दुखणं नवं नव्हतंच. कुंडईला कारखान्यात काम करतो, हुशार आहे, पण मोटारसायकलची चावी रोज हरवते, विजेचं बिल खिशात घेऊन फिरतो आणि तारीख उलटते. सगळ्यांनी त्याला आळशी ठरवलं होतं, मीसुद्धा, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आधी तो एका समुपदेशकाकडे गेला. पाच बैठका झाल्या, मोबाइल कमी करा आणि ध्यान करा एवढंच ऐकून आला. लहानपणी कसा होतास, हे कुणी विचारलंच नाही.

पणजीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी शाळेची प्रगतीपुस्तकं मागितली. आईने ट्रंकेतून काढली. चौथीच्या पुस्तकात निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘बुद्धी चांगली, लक्ष नाही.’ दुसरीतही जवळपास तेच. एडीएचडीचं, म्हणजे लहानपणापासून लक्ष न टिकण्याच्या त्रासाचं निदान मोठेपणी झालं तरी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून त्या दोन ओळींना एवढी किंमत. जन्मापासूनचा स्वभाव म्हणून जे चालत आलंय, त्याची अशी सविस्तर तपासणी करायला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा आणि दोन-तीन लांब बैठका हव्यात. गर्दीच्या ओपीडीत तेवढी सवड मिळणं कठीण. खर्च होतो, तो आधी विचारून घ्या. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, तेही विचारा. विचारण्यात संकोच नको. आणि बोलणं मराठी-कोंकणीत होणार का? ‘म्हाका बरें दिसना’ म्हणणाऱ्याला इंग्रजीत मन उघडता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ औषध देऊ शकत नाही. भावाला गोळीची गरज पडलीच, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावंच लागलं. रक्तदाब आणि हृदय तपासून मिथाइलफेनिडेट सुरू झालं. ते प्रत्येक औषधालयात मिळत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं असेल तर तेही सरकारी यंत्रणेकडूनच घ्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही.

तिसरी वाट या विषयातली पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकाची. तिला कमी लेखू नका. ‘संगत’ या गोव्याच्याच संस्थेने आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांकडून उदासीनतेच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. त्यांत रोज एक छोटं काम ठरवायचं, माणसांत मिसळायचं. त्याचा फायदा झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. उदासीनतेत हे उपयोगी पडतं. एडीएचडीचं निदान मात्र त्यांच्याकडे मागू नये.

आईने माझ्यासाठी कुळदेवीसमोर प्रसादही लावला, म्हणजे देवीचा कौल घेतला. तिच्या जिवाला आधार मिळाला, मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त बांबोळीला जायचा दिवस आम्ही प्रसादाच्या आधीच ठरवला होता.

जीव द्यायचे विचार येत असतील तर यातली कुठलीच तुलना करत बसू नका. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस मोफत चालतो. धोका समोर दिसत असेल तर १०८ आणि सरळ इस्पितळ, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, दोन आठवड्यांची झोपेची नोंद आणि लहानपणापासून ओळखणारं घरातलं एक माणूस सोबत न्या. प्रगतीपुस्तकं रद्दीत घातली नसतील तर तीही.