आकडा, गहिवर की पत? सोसायटीच्या सभेत उभं राहण्याआधी

सप्टेंबर जवळ आला की मला फोन येऊ लागतात. ‘नुकताच सेक्रेटरी झालोय, ३० तारखेच्या आत एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, घ्यायची आहे, दुरुस्तीच्या वर्गणीचा विषय आहे. लोकांना कसं पटवू?’ दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

लोकांना पटवण्याच्या तीन वाटा असतात. लोगॉस, पॅथॉस, एथॉस ही त्यांची नावं बहुतेकांनी ऐकलेली असतात, आणि नसली तरी काही अडत नाही. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात केलेली ही वाटणी आजही चालते. मी माझ्यापुरतं त्यांना आकडा, गहिवर आणि पत म्हणतो. तिन्ही मी एकाच वर्षात, त्याच ३२ घरांवर वापरून पाहिलेत. त्यामुळे खाली जे लिहितोय तो अनुभव आहे, शास्त्र नाही.

आमची इमारत ठाण्याच्या नौपाड्यातली, १९८७ची. तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावी लागते. आमचं लांबलं, आणि ते माझ्यामुळे लांबलं. त्याकडे पुढे येतो. शेवटी अंदाजपत्रक आलं ४९ लाखांचं. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, होते ९. उरलेले ४० सभासदांच्या खिशातून.

पहिल्या सभेत मी आकडा वापरला. कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला, पार्किंगच्या भिंतीवर चादर लावली. सोळा हजार चौरस फूट, ४० लाख, म्हणजे फुटाला अडीचशे. इतकं बोललो आणि समोरच्या प्रत्येकाने मनातल्या मनात आपापलं घर गुणून घेतलं. त्यापुढे पंधरा मिनिटं मी सळया, गंज, ग्राउटिंग यावर बोललो, पण ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. ‘गॅलरी बंद करून खोली केलीय त्यांचं क्षेत्रफळ कुठलं धरलंत?’ झालं. कार्पेट की बिल्टअप, घरटी की फुटाप्रमाणे, वन आरकेवाल्यांनी गच्चीचा भार का उचलायचा. दीड तासाने ठराव बाजूला राहिला आणि चहा आला.

आकड्याला नावं ठेवत नाही. कागदावर त्याच्यासारखा दुसरा नाही. महापालिकेला पत्र लिहायचंय, कंत्राटदाराशी भांडायचंय, नोटीस बोर्डावर हिशोब लावायचाय, तिथे तारीख, रक्कम, पावती क्रमांक एवढंच लिहावं. वाचणारा एकटा असतो, हाताशी कॅल्क्युलेटर असतो, मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. सभेत तसं नसतं. तिथे एका आकड्यावर बोट ठेवलं की बाकीचे दहा आपोआप संशयित होतात.

टिळकांचा १९०८चा खटला मला यासाठी नेहमी आठवतो. स्वतःचं वकीलपत्र स्वतःच घेऊन ते मुंबईच्या हायकोर्टात एकवीस तासांहून जास्त बोलले. कायदा, दाखले, ‘केसरी’तल्या मराठी शब्दांचा इंग्रजी तर्जुमा कसा चुकीचा केलाय त्याची चिरफाड. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या एकवीस तासांतलं आज कुणाला काय आठवतं? निकालानंतर ते जी दोन-तीन वाक्यं बोलले, ती मात्र त्याच हायकोर्टात दगडावर कोरलेली आहेत. त्यात एकही कलम नाही. आमच्या पार्किंगची आणि त्या कोर्टाची तुलना करण्याचा आगाऊपणा करत नाही, पण आठवतं खरं.

दुसरी सभा महिन्याभराने. मधल्या काळात तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून प्लास्टरचा तुकडा पडला. नारळाएवढा, पाठीवर गंजलेल्या सळईचा तांबूस वळ उमटलेला. मी तो वर्तमानपत्रावर ठेवून टेबलावर मांडला आणि एवढंच सांगितलं की हा पडला त्याच्या दहा मिनिटं आधी तिथून मुलं शाळेच्या बसला गेली होती. ते खरंच होतं. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. एका वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. सगळे हात वर गेले, कार्पेट-बिल्टअपचं नावही कुणी काढलं नाही. त्या रात्री मी तलावपाळीला दोन फेऱ्या जास्त मारल्या, इतका खूश होतो.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझं मत कायमचं ठरलं. पंधरा दिवसांची मुदत होती. चेक आले अकरा. पण धास्ती मात्र सगळ्या बत्तीस घरांत जशीच्या तशी बसली होती. जिन्यात मुलं थांबेनात, तळमजल्यावरचा भाडेकरू सोडून गेला, आणि त्याची घरमालकीण मला लिफ्टपाशी गाठून म्हणाली, ‘तुम्ही घाबरवून हात वर करून घेतलेत.’ तिचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. वैताग पैशांचा नव्हता. वैताग हा, की पुढच्या सभेत मी तोंड उघडलं की लोक आधी टेबलाकडे बघणार होते: आज काय आणलंय? गहिवराचं हे असं असतं, पुढच्या खेपेला मात्रा वाढवावी लागते. आणि आमचा ठाणेकर श्रोता तसाही तयार. जानेवारीत म्हाळगी व्याख्यानमालेला शाल गुंडाळून बसणारी माणसं ती. वक्त्याचा आवाज कुठे कापतो आणि का कापतो, हे त्यांना बरोबर कळतं.

तरी कुणाच्या आजारपणासाठी आज रात्रीच्या आत पैसे उभे करायचे असतील, तर बेलाशक गहिवर वापरा. तिथे होकार एका रात्रीपुरता टिकला तरी पुरतो.

तिसऱ्या सभेत मी जवळजवळ काहीच मांडलं नाही. उभा राहिलो आणि सांगितलं की ऑडिट दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं, ती फाईल माझ्याच कपाटात पडून होती, तेव्हा केलं असतं तर खर्च कमी झाला असता. माझ्या घराचे पूर्ण पैसे भरले होते, त्या पावतीची झेरॉक्स बोर्डावर लावली. ज्यांना एकदम जमणार नाही त्यांच्यासाठी चार हप्ते. गॅलरीवाल्या काकांना हिशोब तपासायच्या समितीत घेतलं. ॲरिस्टॉटल म्हणतो की बोलणाऱ्यावरचा विश्वास त्याच्या आधीच्या नावलौकिकातून नव्हे, त्याच्या बोलण्यातूनच उभा राहायला हवा. त्यासाठी शहाणपण, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दलची सदिच्छा दिसावी लागते. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. कबुली देताना घशाला कोरड पडली होती, एवढं आठवतं.

महिन्याभरात २७ घरांचे पैसे आले, पूर्ण किंवा पहिला हप्ता. मध्ये पहिला पाऊस झाला आणि वरच्या मजल्यावर गळलं, त्याचाही हात असेल. सगळं श्रेय मी घेत नाही.

आपल्याकडे ‘मुद्दा पटला’ म्हणतात आणि ‘त्या दोघांचं पटतं’ असंही म्हणतात. जुन्या व्यवहारात हुंडीही पटायची. क्रियापद एकच. मुद्दा पटायला आधी माणसाशी पटावं लागतं, हे भाषेने आपल्या आधीच ओळखलेलं दिसतं.

पत वापरण्याचेही तोटे आहेत, ते लपवत नाही. वेळ लागतो. चूक कबूल करायची तर चूक खरीखुरी असावी लागते. मतलबी कबुली लगेच वास मारते. आणि तुम्ही इमारतीत येऊन सहाच महिने झाले असतील, तर पत आणणार कुठून? मग माझ्या मते आकड्यावरच रहा, पण तो सभेआधी आठवडाभर लेखी घरोघरी पोचवा, सभेत नुसत्या प्रश्नांना उत्तरं द्या. निवृत्त इंजिनिअर वगैरे बोलावून उसनी पतही आणता येते. चालते, पण तो माणूस गेला की ती पत त्याच्याबरोबर जाते.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांची सभा रविवारी आहे. तो प्लास्टरचा तुकडा अजून ऑफिसच्या कपाटात आहे हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. दोन दिवसांसाठी मागत होते. दिला. म्हटलं, बाजूला पावत्यांची फाईल आहे, तीही घेऊन जा. ती राहू दे म्हणाले.