माइंड मॅप आणि हिरवा स्केचपेन : आठ महिन्यांनंतर

काल पाचव्या पाकिटातला हिरवाही गेला. बाकी अकरा रंग धडधाकट. म्हणून लिहायला बसलो.

यावल तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी. जूनपासून गणिताला माइंड मॅप वापरतोय. मध्ये संख्या, भोवती फांद्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. टोनी बुझान या इंग्रज लेखकाने १९७४ मध्ये बीबीसीवरून हे गाजवलं आणि फांद्या रंगीबेरंगी काढा म्हणून सांगितलं. त्याला सांगायला काय जातंय! पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "गुरुजी, हाई झाड शे का?" मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून प्रत्येक फांदी हिरवी. त्यात टोपण लावायची कुणाला सवय नाही, आणि आमचं ऊन तुम्ही जाणताच. टोकाला पाण्याचा थेंब दिला की दोन दिवस फिकट चालतो, मग संपला. पाकिटं पदरची आहेत हो.

आधी वाटलं, सगळं गणित यात बसेल. दिवाळीपर्यंत तो भ्रम गेला. ५२ वजा २७ ला आधी एकक, मग दशक असा क्रम लागतो. मॅपला ना पुढचं, ना मागचं. पोरं झकास मॅप काढायची आणि खाली ३५ लिहायची, सातातून दोन काढून! शेवटी काड्यांच्या जुड्या सोडूनच हातचा शिकवला.

संख्येची ओळख मात्र अशी दुसऱ्या कशाने होत नाही. मध्ये २४ लिहिला. चार सक, तीन आठे, वीस आणि चार, ४८ चे निम्मे. पाढे म्हणताना कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली, तिचे वडील केळी कापायला जातात. तिने 'दोन डझन' लिहिलं. मग विचारते, "चार सक नि सहा चोक एकाच फांदीवर काढू का?" पंधरा वर्षांत मी पाढे असे जोडून शिकवले नव्हते.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' म्हटलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. आमच्या मॅपवर 'सत्तेचाळीस' आणि 'चाळीस सात' शेजारी नांदतात, सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारे कमी झालेत.

संक्रांतीपासून निम्मे मॅप ओट्यावर खडूने काढतो. रंगीत खडूंच्या पेटीतही हिरवाच आधी संपला.

जळगाव-भुसावळकडे सुटा हिरवा स्केचपेन कुठे मिळत असेल तर कळवा. डझनाने घेईन.