ट्यूब की ट्यूबलेस: सहलीआधी माउंटन बाइकच्या टायरचा निर्णय

ट्यूब असलेल्या टायरचा मोठा गुण म्हणजे पंक्चर झाल्यास तो हातपंप आणि दोन टायर लिव्हरच्या (टायर रिमवरून उचकटण्याच्या पट्ट्या) मदतीने वाटेतच दुरुस्त करता येतो. मात्र खडकाळ उतारावर हवा थोडी जरी कमी असली तरी दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि सर्पदंशासारखी शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. ते टाळण्यासाठी हवा जास्त भरावी, तर चाक दगडांवरून उसळते आणि वळणावर पकड सुटते.

ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसल्यामुळे कमी दाबावर सायकल चालवता येते, आणि काटा घुसला तरी आत भरलेले सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारे पातळ द्रव, छिद्राशी फेसाळत येऊन घट्ट होते. बाहेर ओलसर ठिपका तेवढा उरतो. घरी हा बदल करताना खरी कसोटी रिम टेपची, म्हणजे रिमवरची स्पोकची भोके झाकणाऱ्या चिकटपट्टीची असते. रिम स्पिरिटने पुसून कोरडी केली नाही किंवा टेप ताणून बसवली नाही, तर स्पोकच्या भोकांतून हवा झिरपत राहते. २९ इंची टायरला साधारण १०० मिलि सीलंट लागते आणि ते काही महिन्यांत वाळते, म्हणून आधीपासून ट्यूबलेस असेल तर निघण्यापूर्वी ते तपासावेच.

माझा कल ट्यूबलेसकडे आहे, पण सहलीला किमान आठवडा अवकाश असेल तरच, कारण रोज दाब तपासून बारीक गळती लक्षात यायला तेवढा वेळ हवा. उद्याच निघायचे असेल, तर नवी ट्यूब टाकणे शहाणपणाचे. ट्यूबलेस केले तरी एक ट्यूब पिशवीत असावी. टायरची बाजू फाटली, तर ती चीर सीलंटने बुजत नाही.