पाण्याकाठचं लाकडी घर, चौदा महिन्यांनी: जास्त करून एका दाराबद्दल

चार दिवस सलग पाऊस लागून राहिला होता आणि पाण्याकडचं दार एका बोटाने उघडलं. मुख्यतः तेवढ्यासाठी हे लिहायला बसले आहे. मागच्या वर्षी असाच पाऊस असताना याच दाराला मी आणि नवरा दोघं खांदा लावत होतो. एका रात्री तर ते हललंच नाही. भिजलेल्या पिशव्या पायरीवर ठेवून मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उतरावं लागलं होतं.

एकांतातलं, सगळं लाकडी, पाण्याला लागून असलेलं सुट्टीचं घर म्हणजे काय, हे नव्याने सांगत नाही. आमचंही तसंच आहे: दोन खोल्या, वर पोटमाळा, जमीन, भिंती, छत सगळं लाकूड. घर खांबांवर उभं आहे, पाणी तीस पावलांवर आहे आणि नजरेच्या टप्प्यात दुसरं घर नाही.

पहिल्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं, आणि त्यातलं बरंचसं आजही खरं आहे. सकाळी उन्हाचा कवडसा पाण्यावरून उलटून थेट छतावर येतो आणि फळ्यांवर तासभर हलत राहतो. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि पलीकडच्या काठावर कुणी बोललं तर शब्दसुद्धा कळतात. पहिल्यांदा मी घाबरले होते. आता ती दूरची बोलणी ऐकत झोप लागते.

पण दार. पाऊस सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते उंबऱ्यापाशी घासायला लागलं, मग कडीच्या बाजूला चौकटीत घट्ट बसलं. घर बांधून देणाऱ्याला मी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: लाकूड आहे, फुगणारच. चौथ्यांदा फोन केला तेव्हा नवं दार बसवून घ्या म्हणाले, अर्थात आमच्या खर्चाने. वस्तू बिघडली की आधी ती उघडून बघायची, हे मला बाबांनी लहानपणीच शिकवलं. पाच महिन्यांचं दार टाकून द्यायचं हे मला पटणं शक्यच नव्हतं.

म्हणून मी रंधा आणला आणि दार चौकटीतच ठेवून कडेने तासलं. जवळजवळ 4 मिलिमीटर काढले. दार सुरळीत उघडायला लागलं आणि मला फार समाधान वाटलं. तीन महिन्यांनी हवा कोरडी झाली, दार आक्रसलं आणि कडेला एवढी फट पडली की पाण्यावरचा वारा रात्रभर शिट्टी घालायचा. दिवा लावला की चिलटं त्या फटीतून रांगेने आत. घराबद्दलचं माझं मत त्या दिवसांत सगळ्यात खाली होतं. विकून टाकू, असं दोनदा बोलून गेले.

इथे माझं मत बदललं ते एका सुतारकाकांमुळे. ते खरं तर पायऱ्या बघायला आले होते. मी दाराची कहाणी सांगितली तर त्यांनी दाराला हातही लावला नाही. पिशवीतून दाढीचा छोटा आरसा काढला, दार अर्धं उघडून खाली जमिनीवर सरकवला, वर विजेरी मारली आणि म्हणाले, "ताई, वाकून बघा." आरशात दाराची खालची कड दिसली. पुढून, मागून, बाजूंनी चकचकीत वॉर्निश आणि खालची कड पूर्ण कोरी. काळपट, मऊ पडलेली. नखाने दाबली तर नख रुतलं.

काकांकडे लाकडातली ओल मोजायचं दोन टोच्यांचं यंत्र होतं. दाराच्या मध्यावर आकडा आला 14, खालच्या कडेला 23. लाकूड 20 टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी धरत नाही. आमचं दार नुसतं फुगत नव्हतं, ते खालून कुजायच्या मार्गाला लागलं होतं.

कारण एकदा कळलं की साधं आहे. दाराच्या फळ्या उभ्या, म्हणजे झाडात मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांची तोंडं बरोबर खालच्या आणि वरच्या कडेला उघडी पडतात. फळीच्या सपाट बाजूपेक्षा या तोंडांतून पाणी कितीतरी वेगाने आत जातं. पावसाचं पाणी दारावरून ओघळतं, खालच्या कडेला थेंब धरून राहतं आणि वर शोषलं जातं. समोरून वॉर्निशचे कितीही हात मारा, तिथे काही उपयोग नाही.

बांधणाऱ्याचं "फुगणारच" हे अर्धं खरं होतं, हेही आता मान्य करते. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकूड साधारण 9 टक्के ओलीवर स्थिरावतं, 80 टक्के असेल तर 16 च्या आसपास. पाण्याकाठी हा झोका दर वर्षी असणार. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, ते रुंदीत वाढतं. त्यातही वलयांच्या कडेकडेने जेवढं फुगतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे. म्हणून एकाच दाराच्या दोन फळ्या वेगळ्या वागतात. साधारण 28 ते 30 टक्के ओल होईपर्यंत हे फुगणं चालतं. म्हणजे दाराभोवती थोडी जागा सोडावीच लागते. पण सहाच्या सहा बाजू बंद करणं हे बांधणाऱ्याचंच काम होतं. दाराला सहा बाजू असतात आणि त्यांनी चारच रंगवल्या. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

दुरुस्ती अशी झाली. दार बिजागऱ्यांवरून उतरवून आतल्या खोलीत दोन ओंडक्यांवर आडवं ठेवलं आणि चौकटीला प्लायवूड ठोकलं. काकांनी घाई करू दिली नाही. ओल्या लाकडावर वॉर्निश मारलं तर ओल आतच कोंडते, म्हणून पाच आठवडे थांबलो. आकडा 13 वर आल्यावर मऊ पडलेला भाग पटाशीने काढून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवला. मी तासलेल्या कडेला पातळ पट्टी चिकटवून जाडी भरून काढली. त्या पट्टीकडे बघताना मला खरंच वाईट वाटलं. तासायच्या आधी खाली वाकून बघितलं असतं तर ती लागलीच नसती. मग वरच्या आणि खालच्या कडेला पहिला हात पातळ केलेल्या वॉर्निशचा दिला, तो अक्षरशः पाण्यासारखा जिरला. वर आणखी तीन हात. शेवटी दाराच्या तळाला बाहेरून एक तिरपी पट्टी लावली, तिच्या पोटात खाच आहे. ओघळ त्या खाचेपाशी तुटतो आणि पाणी उंबऱ्याच्या बाहेर ठिबकतं. सगळ्या कामाला नव्या दाराच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागला, आणि दार तेच राहिलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात.

शेगडी उत्तम, पण सरपण सुकं हवं. पहिल्या हिवाळ्यात ओलसर लाकूड जाळलं तर काच काळी झाली आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसला, जो पेटू शकतो. आता 20 टक्क्यांच्या आत ओल असलेलंच सरपण आत येतं आणि धुराडं दर वर्षी साफ होतं. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र झोपायच्या खोलीत लावलं आहे. लाकडी घरात, एकांतात, त्याशिवाय कुणीही शेगडी पेटवून झोपू नये.

सरपण घराखाली, खांबांमध्ये रचायची चूक आम्ही सहा महिने केली. खांबांवरच्या घराखालून वारा खेळायला हवा, तो अडला. शिवाय जमिनीला टेकलेलं लाकूड म्हणजे वाळवीला शिडी. सुदैवाने लागली नव्हती. आता सरपण घरापासून लांब, वर पत्रा, बाजू उघड्या.

पाण्याकडची बाहेरची भिंत राखाडी पडत चालली आहे, कारण मावळतीचं ऊन तिच्यावर दोनदा पडतं, एकदा सरळ आणि एकदा पाण्यावरून. मला तो रंग आवडायला लागला आहे. फक्त बाहेरच्या ओट्याला जवसाचं तेल देते. तेल दिल्यावर चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ही कळकळीची विनंती. ते तेल हवेत सुकताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, चिंध्या आपोआप पेटू शकतात. मी त्या पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावते.

आतल्या फळ्यांचा वास चौदा महिन्यांनी कमी झाला आहे, पण घर बंद ठेवून परत आलं की पहिल्या श्वासाला पूर्वीसारखाच येतो.

विकायचं बोलणं आता निघत नाही. परवा पावसात त्या उघड्या दारात खुर्ची टाकून मी संध्याकाळभर बसले होते. तळाच्या पट्टीवरून एकेक थेंब उंबऱ्याबाहेर पडताना दिसत होता आणि आतली जमीन कोरडी होती.

मागचं दार पहिल्यापासून सुरळीत उघडतं, म्हणून त्याची खालची कड कधी पाहिलेलीच नाही. पुढच्या खेपेच्या पिशवीत आरसा आधीच टाकून ठेवला आहे.